दुकान बंद झाल्यावर दोन पानं

सांगली

चि. बाळास,


आप्पांच्या वर्षश्राद्धाला तिकडच्या गलाईवाल्या, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्या मंडळींनी तुला चार शब्द बोलायला उभं केलं आणि तिसऱ्या वाक्यालाच तुझे शब्द संपले, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच आहे. कोइमतूरच्या सराफांच्या बैठकीत तू तमिळमध्ये तास तास बोलतोस. टंचावरून, मजुरीवरून भांडतोस, समोरच्याला पटवून उठतोस. आणि ज्या माणसानं तुला मूस धरायला शिकवलं, त्याच्याविषयी आपल्या भाषेत बोलताना तुला 'आप्पा चांगले होते, सगळ्यांना मदत करायचे' इथंच थांबावं लागलं. "ताई, तुझी मराठी परत कशी आली?" असं तू विचारलंस. फोनवर धड सांगता येईना, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

पहिल्यांदा एक गोष्ट मनातून काढून टाक. तुझी मराठी बिघडलेली नाही. तू बोलतोस ती खानापूर-आटपाडीकडची, आज्जीच्या तोंडची मराठी आहे आणि तिच्यात लाजण्यासारखं काही नाही. झालंय एवढंच, की तिला कामं कमी उरली. दुकानात तमिळ, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी. मराठीकडं राहिलं ते जेवण, औषध आणि येणं-जाणं. जेवलास का, दार लाव, आईची गोळी झाली का, उद्या लवकर ऊठ. यात हुकूम आहेत, प्रश्न आहेत, पण गोष्ट नाही. घडून गेलेलं कुणाला बैजवार सांगत बसणं नाही, 'तसं झालं असतं तर' नाही, 'जरी असलं तरी' नाही. ज्या भाषेत माणूस कुणाला काही सांगत बसत नाही, त्या भाषेतली त्याची लांब वाक्यं सगळ्यात आधी जातात. मग मधल्या जागा 'सरि', 'अप्पुरम' असल्या तमिळ शब्दांनी भरायच्या. वर्षश्राद्धाला तुला लांब वाक्यं हवी होती आणि ती कित्येक वर्षं तुझ्या तोंडी आलेलीच नव्हती.

लग्न होऊन मी सांगलीला आले तेव्हा माझीही तीच गत होती. भाजी चिरण्यापासून सण करण्यापर्यंतचं सगळं मला मराठीत कळत होतं. पण रात्री जेवणं झाल्यावर घरात गप्पा रंगायच्या, उसाच्या दराच्या, कुणाच्या घरातल्या वाटण्यांच्या, कुणाच्या मरणाच्या, तेव्हा मी भिंतीला टेकून नुसती ऐकत बसायची. सासरच्या लोकांना वाटायचं, सून अबोल आहे. मी अबोल होते का, ते कोइमतूरच्या माझ्या मैत्रिणींना विचार. नाराज झाले तरी नाराजी मांडता येत नव्हती, आणि कुणाचं कौतुक करायचं तरी 'छान, छान' याच्या पुढं जाता येत नव्हतं.

माझ्या सासूबाईंना वाचनाचा फार नाद. मोतीबिंदूनं त्यांना बारीक अक्षर दिसेना, तेव्हा त्यांनी वाचनालयाचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि मोठ्यानं वाच म्हणाल्या. शाळेत हिंदी घेतल्यामुळं मला अक्षरं येत होती. तुलाही येतात. आणि हिंदीत जो 'ळ' फारसा भेटत नाही, तो तर तमिळनं आपल्या जिभेवर आधीच पक्का करून ठेवलाय. मी अडखळायची आणि त्या पाटावर बसून शेंगा फोडत ऐकायच्या. चुकलं तरी टोकायच्या नाहीत. वाक्य संपलं की तेच वाक्य त्या आपल्या लयीत एकदा म्हणायच्या. माझी मराठी परत आली ती अशी, दुपारच्या वेळी, दुसऱ्या कुणासाठी वाचताना.

पहिलं पुस्तक होतं व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं'. १९४९ सालचं. आटपाडी तालुक्यातलं त्यांचं माडगूळ आपल्या गावापासून किती लांब आहे, ते तुला ठाऊक आहे. त्यातला 'धर्मा रामोशी' वाचताना माझा आवाज बसला. गरिबीविषयी एकही मोठा शब्द न वापरता लिहिलंय सगळं. वाक्यं साधी, आखूड. आणि त्या साध्या वाक्यांत मला अशी रूपं भेटायला लागली जी आज्जीच्या तोंडून ऐकली होती, पण माझ्या तोंडी कधी नव्हती. रोज घडणारं सांगायची रूपं, अर्धवट राहिलेलं सांगायची रूपं. नुसतं 'गेला' आणि 'जाईल' एवढ्यावर माणूस उभा करता येत नाही. तो येऊन बसायचा, बघत राहायचा, बोलता बोलता थांबायचा, हे सगळं सांगता आलं तर समोरच्याला तो दिसतो. आप्पांचं असंच सांगायला हवं होतं ना तुला? सकाळी भट्टी पेटवायच्या आधी ते कसे उभे राहायचे, गिऱ्हाइकाच्या मोडीत खोट निघाली तर त्याला एकट्यालाच बाजूला घेऊन कसं सांगायचे. ते सगळं तुझ्या मनात आहे. ते बाहेर आणणारी वाक्यं मात्र कुणाच्या तरी लिहिण्यातून आधी कानावर पडावी लागतात.

माडगूळकरांत अजून एक गोष्ट तुझ्या उपयोगाची आहे. ते सांगतात ते पुस्तकी मराठीत आणि त्यांची माणसं बोलतात ती माणदेशी. दोन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी नांदतात आणि एकीनं दुसरीला हसलेलं कुठं दिसत नाही. पुण्याचे पाहुणे तुझ्या 'हाय-न्हाय'ला हसतात म्हणून तू त्यांच्याशी बोलायचं टाळतोस. हे पुस्तक वाचल्यावर टाळणार नाहीस.

त्याच्यामागून 'बनगरवाडी' घे. ती १९५५ची. एक तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो, हळूहळू त्या वस्तीचा होतो, आणि शेवटी दुष्काळ पडून ती वस्तीच उठते. आपल्या घरात ही गोष्ट कुणी कधी सांगितली नाही, पण ती आपलीच आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याला पाचशेच्या आसपास. माण, खटाव, आटपाडी, खानापूर, सगळा पट्टा सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीतला. म्हणून तर आपली माणसं सोनं-चांदी गाळायची विद्या घेऊन केरळपासून पंजाबापर्यंत पांगली. आज टेंभूचं पाणी आटपाडीपर्यंत आलंय, माळावर डाळिंबं लागलीत. आजोबांनी गाव सोडलं तेव्हा काय दिसत असेल, ते बघायचं तर आता पुस्तकातच बघावं लागतं.

पण माडगूळकरांवर थांबू नकोस. शंकरराव खरातांचं 'तराळ-अंतराळ' वाच. खरात आटपाडीचेच, १९२१चे, माडगूळकरांच्या सहा वर्षं आधीचे. घरात तराळकी, म्हणजे गावाची हलकी म्हणून मानलेली सगळी कामं करायची महारवाड्यातली पाळी. तिथून शिकून ते वकील झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९८४ला जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तीच माती, तोच दुष्काळ, तोच ओढा, आणि गाव मात्र वेगळं. माडगूळकरांनी जे बाहेरून आणि मायेनं पाहिलं, ते खरातांनी आतून सोसलं. भाषा परत मिळवायची म्हणजे तिच्यातल्या फक्त गोड आठवणी परत मिळवायच्या नाहीत. आपल्या आज्ज्या-पणज्या ज्या वेशीच्या आत राहत होत्या, त्या वेशीबाहेर कोण होतं, हेही त्याच भाषेत कळायला हवं. तुझ्या पोरींना तू गावाविषयी सांगशील तेव्हा हेही सांग.

मग अण्णाभाऊ साठे. वाटेगाव, वाळवा तालुका, १ ऑगस्ट १९२०. शाळा म्हणशील तर नावापुरती. हेही तुझ्या-माझ्या आजोबांसारखे गाव सोडून गेलेले, बापाबरोबर मुंबईला. आणि त्या माणसानं १९५९ला 'फकिरा' लिहिली. ती मनात वाचू नकोस, मोठ्यानं वाच. शाहिरी आणि तमाशा अंगात मुरलेल्या माणसाचं गद्य आहे ते, पळतं, दम घेत नाही. बोलणं शाळेतून येतं अशी तुझी समजूत आहे. अण्णाभाऊंना कुठली शाळा होती? क्रांतिसिंह नाना पाटील येडे मच्छिंद्रचे. त्यांच्या सभेला माणसं मैलोन् मैल चालत यायची ती त्यांची अस्सल गावरान बोली ऐकायला. आपल्या भागातल्या बोलीत सरकार हलवायची ताकद होती, हे तुला कुणी सांगितलं नाही म्हणून सांगते. आणि शांतपणानं, आवाज न चढवता मोठं काही कसं सांगावं हे पाहायचं असेल तर यशवंतराव चव्हाणांचं 'कृष्णाकाठ' घे. देवराष्ट्रेसारख्या लहान गावात जन्मलेला मुलगा कराडला शिकतो आणि पुढं राजकारणात जातो, त्याची हकिकत. वडील लवकर गेल्यानंतरची आई तिथं जशी येते, ते वाच. तुला आप्पांविषयी बोलायला तिथून धीर मिळेल.

इथले खांडेकर मुद्दाम मागं ठेवले आहेत. ते सांगलीत जन्मलेले, 'ययाति'साठी १९७४चा ज्ञानपीठ मिळालेले, आणि मला अतिशय प्रिय. पण परत बोलायला शिकणाऱ्यानं सुरुवात त्यांच्यापासून करू नये असं माझं ठाम मत आहे. त्यांच्या वाक्यांचा डौल इतका मोहवतो की नवा वाचक उपमांमध्येच बोलायला लागतो आणि सांगायचं ते राहून जातं. आधी साधं नेटकं बोलता येऊ दे. ती वेळ आली की खांडेकर पाठवीन.

नाटकं मात्र लगेच. तू भांडणारा माणूस आहेस, तुला ती आवडतील. नाटकातलं प्रत्येक वाक्य समोरच्याकडून काहीतरी मिळवायला बोललेलं असतं. गोविंद बल्लाळ देवल आपल्या हरिपूरचे, कृष्णा-वारणेच्या संगमावरचे. त्यांचं 'संगीत शारदा' १८९९चं, म्हाताऱ्याशी कोवळ्या पोरीचं लग्न लावू पाहणाऱ्यांवरचं. तू आणि वहिनी एकेक पात्र घेऊन वाचा. पदं सोडलीत तरी चालेल. कांचनभटाचं बोलणं तू वाच. स्वार्थ किती गोड बोलतो, हे म्हणताना तुझ्या जिभेला कळेल.

आणि नाटकांवरून आठवलं. आम्ही सांगलीकर अभिमानानं सांगतो की १८४३ला विष्णुदास भावे यांनी पटवर्धनांच्या दरबारात 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. पण त्याच्या दीडशे वर्षं आधी तू जिथं राहतोस त्या तमिळ मुलखात, तंजावरात, शहाजीराजे भोसले मराठीत नाटकं लिहीत होते. 'लक्ष्मीनारायणकल्याण' त्यांचंच. गादीवर होते १६८४ ते १७१२. सरफोजीराजांनी वाढवलेल्या तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही मराठी हस्तलिखितं आहेत, आणि बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. तिथली मराठी घरं तीनशे वर्षांनंतरही घरात मराठी बोलतात. कोइमतूरहून तंजावर एका दिवसात गाठता येतं. पोरींना घेऊन जा आणि तो शिलालेख त्यांना वाचून दाखव. मराठी म्हणजे गावाकडची, मागं राहिलेली भाषा असं पोरींना वाटतं ना? ती त्यांच्याच राज्यात, तमिळच्या शेजारी बसून वाढलेली त्यांना दिसू दे.

आता पाठांतराचं. हॅना आरेंट नावाची एक जर्मन ज्यू विदुषी होती. हिटलर आला त्या वर्षी, १९३३ला, ती देश सोडून निघाली, पुढं अमेरिकेत गेली, इंग्रजीत ग्रंथ लिहिले. १९६४ला जर्मन दूरदर्शनवर मुलाखतकारानं तिला विचारलं की मागं राहिलेल्या जगातलं काय उरलं. मातृभाषा उरली, असं तिनं सांगितलं. इंग्रजी आणि ती यांच्यात शेवटपर्यंत अंतर राहिलं, कारण जर्मन कवितांचा मोठा भाग तिला तोंडपाठ होता आणि तो मनाच्या मागल्या बाजूला कायम जागा असायचा. ज्या देशानं जीव घ्यायला बघितलं त्या देशाची भाषा तिनं सोडली नाही, हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

तुझंही काही तोंडपाठ आहे, तुला त्याचं भान नाही इतकंच. आप्पांच्या शेजारी बसून रोज संध्याकाळी म्हटलेला हरिपाठ तू आजही न अडखळता म्हणतोस. ज्ञानोबांची, सातशे वर्षांमागची मराठी तुझ्या जिभेवर साबूत आहे, आणि तू मला सांगतोस की मराठीत बोलता येत नाही! त्याला अर्थ लावून म्हण. एकेक ओळ म्हणून पोरींना सांग की ज्ञानोबा काय म्हणतायत. जमेल तसं सांग, चुकलं तर आई आहे. आईच्या ओव्या तर कुठल्याच पुस्तकात नाहीत. त्या तिच्याकडून घ्यायला तूच तिच्याजवळ आहेस. मी इथं दूर आहे, मला त्या फोनवर नीट मिळत नाहीत. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा इथल्या नगर वाचनालयाची हजारो जुनी पुस्तकं चिखलात गेली. त्या पावसाळ्यापासून मी आवडलेला उतारा नुसता वाचून ठेवत नाही, पाठ करते. गदिमांचं 'गीतरामायण' तर पाठ करायलाच बनलंय. छप्पन्न गीतं, १९५५ला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली. आणि गदिमा म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांचे थोरले बंधू, आटपाडीकडच्याच शेटफळ्याला जन्मलेले. एका घरातून दोन माणसं निघाली, एकानं रामाची गोष्ट गाण्यात सांगितली, दुसऱ्यानं धनगरांची गद्यात.

आता करायचं काय ते. पार्सल निघालंय, चार-पाच दिवसांत दुकानाच्या पत्त्यावर येईल. वरती 'माणदेशी माणसं' आहे. रात्री दुकान बंद करून हातपाय धुतलेस की जेवायच्या आधी दोन पानं. जास्त नको, पण रोज, आणि मोठ्यानं. आईला समोर बसव. तिला वाचता येत नाही, पण त्या पुस्तकातली निम्मी माणसं तिनं दुसऱ्या नावानं पाहिली आहेत. ती मधेच थांबवून आपली गोष्ट सांगायला लागली तर पुस्तक मिटून ठेव आणि तिचं ऐक. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मार, आईला विचार, तिला नाही आलं तर मला विचार, आणि कशालाच दाद देत नसेल तर पुढं जा. पुन्हा भेटेल तो कुठंतरी. वाचून झालं की पोरींना त्या पानातलं तुझ्या शब्दांत सांग. हे शेवटचं सोडू नकोस. नुसतं वाचून कान तयार होतात, जीभ सांगून तयार होते.

आणि मला आवाजाचे निरोप पाठवणं बंद कर. पत्र लिही. ऱ्हस्व-दीर्घाची काळजी करू नकोस. समर्थांनी 'दासबोधा'त एक अख्खा समास लिहिण्याच्या क्रियेवर लिहिलाय, अक्षर कसं काढावं, पानाच्या कडेला जागा किती सोडावी इथपर्यंत. तेवढं मी मागत नाही. आप्पांच्या दुकानातली एक सकाळ लिही, पहिल्या गिऱ्हाइकापासून दुपारच्या डब्यापर्यंत. वर्षश्राद्धाला जे बोलायचं होतं ते सगळं त्यात येऊ दे. जितकं लांब होईल तितकं होऊ दे.

चैत्रात खरसुंडीच्या यात्रेला या. तिथून माडगूळ जवळच आहे, पोरींना दाखवू. सुट्टी उरली तर पाचगणीजवळच्या भिलारला जाऊ. २०१७पासून ते पुस्तकांचं गाव झालंय. लोकांनी आपल्या घरांच्या खोल्या पुस्तकांसाठी उघड्या केल्यात, कुणाच्याही ओसरीवर बसून वाचत बसावं. धाकटीला तिथल्या स्ट्रॉबेरीचं आमिष दाखव, म्हणजे ती यायला तयार होईल.

आईच्या गुडघ्याचं औषध संपत आलं असेल तर कळव, इथल्या वैद्यांकडून घेऊन पाठवते. तेल कोमट करूनच लावायचं, हे वहिनीला सांग.

पत्राची वाट बघते.

तुझी,
ताई